कुंदाताईंचा दुखवटा

आमच्या इमारतीत कोणाचं माणूस गेलं की पहिले तेरा दिवस सगळं रीतीप्रमाणे होई. भेटायला येणारे येत, पिठलं-भात पोचवणारे पोचवत, चपलांची रांग जिन्यापर्यंत जाई. तेरावं उरकलं की पाहुणे आपापल्या गावी जात आणि मागे नुसती शांतता उरे. कुंदाताईंचं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. महिना-दीड महिना गेला की एखाद्या सकाळी दारावर थाप पडे. बेल चालू असली तरी त्या दारच ठोठावत. उघडलं की समोर कुंदाताई उभ्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे काळे बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी पाण्याची बाटली.

"चल, मुंबईला जाऊन येऊ."

"नको हो ताई, मन नाही लागत कशात."

"मन घरी ठेव. तू चल."

पनवेलहून मुंबईला लोक रोज जातात. त्यात नवल काहीच नाही. पण कुंदाताईंचं जाणं वेगळं होतं. त्या दुखवटा काढायला नेत. हल्लीच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. घरात मृत्यू झाला की जवळचे नातेवाईक त्या घरातल्या माणसाला आपल्याकडे नेतात, जेवायला घालतात, एखादं नवं कापड देतात आणि काहीतरी गोड खायला लावतात. तोंड गोड झालं की दुःख संपतं असं नाही, पण संपलं असं जाहीर होतं. मग त्या माणसाने लग्नाकार्याला जायला हरकत नसते, घरात तळण काढायला हरकत नसते. हा मान नात्यातल्यांचा. कुंदाताई कोणाच्याच नात्यातल्या नव्हत्या. त्या नातेवाइकांचं उरकेपर्यंत थांबत आणि मग आपला बिननात्याचा दुखवटा काढत.

"घरी बोलावून जेवायला घातलं तर चालणार नाही का?" असं मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"माझ्या घरी कशाला? जिन्यात चार माणसं भेटतात, चौघं विचारतात, आता कसं वाटतंय? मुंबईत कुत्रं विचारत नाही. तिथे रडलं तरी चालतं, नाही रडलं तरी चालतं."

त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्या होत्या. लांबच्या लायनीवर ओरडून ओरडून आवाज जो चढला तो पुढे उतरला नाही. कानात सांगितलेली गोष्टसुद्धा दोन मजले ऐकू जाई. बाकी त्यांचं चरित्र सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. माहेर गुहागरचं, नवरा अप्पा, मूलबाळ नाही. अप्पा अगदी मवाळ गृहस्थ. आयुष्यभर मुंबईत नोकरी केल्यामुळे मुंबई बघायला जाण्याची कल्पनाच त्यांना हास्यास्पद वाटे. "तुम्ही बघून या, काही नवीन बांधलं असेल तर सांगा," असं म्हणून ते पेपर उघडत आणि संध्याकाळी कुंदाताई परतल्या की चहा टाकत.

सहलीचा मार्ग ठरलेला. पनवेलहून एसटीने उरण, तिथून रिक्षाने मोरा बंदर, मोऱ्याहून लाँच, उतरायचं भाऊच्या धक्क्याला. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, सरळ बसने का जात नाही, असं सगळे विचारत. त्यांचं म्हणणं, लाँचमध्ये माणसाला तासभर काहीही करता येत नाही. उतरताही येत नाही, परतताही येत नाही, शेजारणीचा फोन येत नाही. तेवढा वेळ नुसतं बसायला मिळायला हवं. धक्क्यावरून टॅक्सीने फोर्टात जायचं आणि तिथे चालायचं. चालताना त्यांची एकच आज्ञा असे, "मान वर कर." मेलेल्या माणसाच्या घरातली माणसं खाली बघून चालतात, हे त्यांचं निरीक्षण. म्हणून त्या दगडी इमारतींखाली उभं करून वरचे सज्जे, कमानी, कोनाड्यांत बसवलेली माकडं नि पोपट, गच्चीवरचे मनोरे दाखवत.

आणि प्रत्येक इमारतीची गोष्ट सांगत. गोष्टी झाडून साऱ्या खोट्या. एका इमारतीच्या भिंतीवर दगडात कोरलेली प्राण्यांची तोंडं आहेत. ती म्हणे ज्या कारागिराने कोरली तो सासुरवाडीवर चिडलेला होता, म्हणून एकेक तोंड त्याने सासरच्या माणसाचं काढलं. "तो बोकड म्हणजे मेव्हणा," त्या बोट करून सांगत. घड्याळाचा उंच मनोरा एका बाईने बांधून घेतला, कारण तिचा नवरा रोज उशिरा घरी येई आणि वेळ कळली नाही म्हणे. हे सगळं त्या वरच्या पट्टीत सांगत. जाणारे-येणारे थांबून ऐकत.

नव्या इमारतींशी त्यांचं फारसं जमत नसे. मरीन ड्राइव्हच्या गोल सज्ज्यांच्या घरांपर्यंत ठीक होतं. ती त्यांच्या मते माणसांची घरं होती, वाळत घातलेले टॉवेल दिसत. मागे उभे राहिलेले काचेचे टॉवर बघून त्या म्हणत, "चिमणीला बसायला एक कंगोरा ठेवलेला नाही मेल्यांनी." कठड्यावर त्या समुद्राकडे पाठ करून, इमारतींकडे तोंड करून बसत. "समुद्र काय, आपल्या उरणच्या करंज्यालाही आहे."

त्यांनी नेलेल्यांपैकी मला तिघं-चौघं ठाऊक आहेत. एक तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी. त्यांची बायको गेली तेव्हा हा गृहस्थ दीड महिना कोणाशी बोलला नव्हता. पण फोर्टात पहिल्याच इमारतीखाली कुंदाताईंनी मेव्हण्याची गोष्ट सुरू केली आणि कुलकर्ण्यांना ते असत्य सहन झालं नाही. त्यांनी ती इमारत कोणत्या शैलीची, दगड कुठला, कमानीला काय म्हणतात, हे सांगायला सुरुवात केली ती संध्याकाळपर्यंत. कुंदाताईंनी एकदाही मधे तोंड घातलं नाही, हे त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही खरं वाटणार नाही. रात्री पाय गरम पाण्यात टाकून बसल्या होत्या तेव्हा मी म्हटलं, "कंटाळला असाल." तर म्हणाल्या, "कंटाळले ना. पण बोलू दे. त्याचं ऐकून घेणारं माणूस गेलंय."

दुसरी हिराबाई. खारघरच्या बेलपाडा गावची, आमच्या फाटकाशी भाजी घेऊन बसायची. तिचं तिथलं घर आता चारी बाजूंनी टॉवरांनी वेढलेलं. एकुलता मुलगा अपघातात गेला. सून आपल्या आईकडे निघून गेली. हिराबाई दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फाटकाशी येऊन बसली आणि लोकांना वाटलं, बाई घट्ट आहे. ती रडली नव्हती, एवढंच. कुंदाताई तिलाही घेऊन गेल्या. फोर्टात एका भल्यामोठ्या दगडी इमारतीच्या पायऱ्यांवर दोघी टेकल्या. हिराबाईने मान वर करून बराच वेळ बघितलं.

"ताय, हितं रातचं कोन रवतं?"

"कोणी नाही गं. सगळी ऑफिसं. संध्याकाळी कुलपं लावून जातात."

"यवढी मोठी घरा, आन दिवा लावाला कोन नाय?"

"नाही."

"माज्या घरान पन नाय," असं म्हणून हिराबाई जी रडायला लागली ती कुंदाताईंना आवरेना. पोलीस येऊन विचारून गेला. कुंदाताईंनी त्याला हाकललं. हे सगळं त्यांनीच आम्हाला सांगितलं.

तिसरी मुनीरा. आमच्या खालच्या मजल्यावर राहते, लाइन आळीत तिचं शिवणकामाचं दुकान आहे. नवरा कुवेतला होता. तिथेच गेला, तिथेच दफन झाला. इथे नुसता फोन आला. मुनीरा इद्दतीत बसली. म्हणजे ठरलेले महिने तिने घराबाहेर पडायचं नाही. कुंदाताईंना थांबणं हा प्रकार जमत नसे, पण त्या थांबल्या. रोज सकाळी खिडकीच्या जाळीशी उभ्या राहून "काय खाल्लंस?" एवढं विचारत, म्हणजे साऱ्या इमारतीला मुनीराचा नाश्ता कळत असे. इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या सकाळी दारावर थाप. त्या दिवशी मेव्हण्याच्या इमारतीखाली मुनीराला एक पाटी दिसली आणि तिने ती वाचली. पाटीवर भलताच मजकूर होता.

"ताई, इथे तर सासुरवाडीचा काही जिक्र नाय!"

"पाटी लावणारा मेव्हणाच असेल," कुंदाताई म्हणाल्या.

मुनीरा खो खो हसली. मग एकदम घाबरून तिने तोंडावर ओढणी धरली. कुंदाताईंनी ती ओढणी ओढून खाली केली नि म्हणाल्या, "हसलीस तर हसलीस. इथे कोण बघतंय?" त्याच वर्षी मुनीरा गाडी शिकली.

मलाही नेलं होतं, माझे वडील गेल्यावर. त्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं. लाँचला डिझेलचा वास होता, फोर्टात ऊन होतं. मला इमारती इमारतींसारख्या दिसल्या. गिरगावातल्या खाणावळीत त्यांनी श्रीखंड मागवलं, कारण दुखवट्याचं गोड त्यांच्याकडे म्हणजे श्रीखंडच. मी ते खाल्लं. परत आलो.

नंतर अप्पा गेले. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि चार दिवसांत सगळं संपलं. कुंदाताईंनी सगळं नीट केलं. कागद, फोन, भटजी, पुतण्याला बोलावणं. आवाज तेवढा खाली आला होता. पहिल्यांदाच त्या काय बोलतात ते ऐकायला पुढे वाकावं लागत होतं.

तेराव्याला बायका बसल्या होत्या. कोणीतरी विचारलं, "माहेरचं कोण आलं नाही का?"

"बाळू येईल की," कुंदाताई म्हणाल्या.

बाळू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आम्ही त्याला पाहिलं नव्हतं, पण तो आमच्या चांगला परिचयाचा होता. आमच्या बाळूला कापा फणस आवडत नाही, बरकाच लागतो. आमचा बाळू झाडावर सरसर चढतो, बघता बघता शेंड्याला. आमच्या बाळूसमोर भुताच्या गोष्टी काढायची सोय नाही. गावचा माणूस, साठीतही चढत असेल झाडावर, असं आम्ही समजून चाललो होतो.

तर बाळू येणार म्हटल्यावर सगळे थांबले. नवरा गेलेल्या बाईचा पहिला दुखवटा माहेरचा. भावाने यायचं, बहिणीला घेऊन जायचं, पहिला घास भरवायचा. त्याच्या आधी परक्यांनी मधे पडायचं म्हणजे माहेरचा अपमान, आणि तिचाही, कारण जगाला दिसणार की हिला माहेरचं कोणी नाही. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. कुलकर्णी मला जिन्यात म्हणाले, "तिचा भाऊ येऊन जाऊ दे. मग आपण सगळे मिळून नेऊ." मी म्हटलं, बरोबर आहे. हिराबाईही म्हणाली, "भाव आल्याबिगर कसा न्यावा?" एवढ्या जणांना जिने हात धरून बाहेर काढलं, तिला न्यायला आम्ही सगळे तयार होतो. फक्त बाळूची वाट बघत होतो.

दसरा गेला. दिवाळी गेली. त्यांच्या दारात पणती नव्हती, ते साहजिक होतं. पण संक्रांत आली तरी बाळू आला नाही. कुंदाताई दार अर्धवट लोटून खुर्चीत बसलेल्या असत. टीव्ही चालू, आवाज बंद. दुधाची पिशवी दारातच दुपारपर्यंत पडे. मी आत नेऊन तापवून ठेवायची. लिफ्ट बंद पडली, पाण्याची टाकी वाहिली, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी जिन्यात सायकल ठेवली, पण कुंदाताई कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. मला तेव्हा भीती वाटायला लागली. माणूस रडत नसलं तर समजतं, पण कुंदाताई सायकलीबद्दल बोलत नाहीत म्हणजे त्या तिथे राहिलेल्याच नाहीत. हातांच्या काड्या झाल्या होत्या. भात केला तर दोन घास खात आणि ताट तसंच झाकून ठेवत. अप्पांचा पुतण्या एकदा डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे, पण यांनी जेवायचंच सोडलं तर मी काय करणार?

शेवटी मुनीराने विचारलं. तिला आमची माहेरची रीत ठाऊक नव्हती, म्हणून विचारू शकली. एके सकाळी मी दूध तापवत होते आणि ती ब्लाउज द्यायला वर आली होती. खुर्चीसमोर फरशीवर बसून तिने सरळ प्रश्न टाकला.

"ताई, तो तुमचा बाळू भाई येणार कधी? सगळे त्याचीच वाट बघतायत."

कुंदाताईंची नजर टीव्हीवरून हलली नाही.

"बाळू कुठून येणार? बारा वर्षांचा होता. फणसावरून पडला. तेव्हाच गेला."

दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला.

"मग येईल म्हणालात ते?"

"सगळ्या बायका विचारत होत्या, माहेरचं कोण, माहेरचं कोण. काहीतरी सांगायला हवं होतं. एवढी वर्षं बोलत होते त्याच्याबद्दल, तोच तोंडावर आला."

एवढी वर्षं त्या मुलाबद्दल आम्ही ऐकलं आणि त्याचं वय कधी विचारलं नाही. इमारतीतली पन्नास माणसं एका बारा वर्षांच्या, कधीच गेलेल्या मुलाची वाट बघत बसली होती. मुनीरा मात्र उठली, तिने त्यांचे कॅनव्हासचे बूट शोधून काढले आणि फरशीवर बसून एकेक पाय उचलून स्वतः घातले.

"लाँचने नाय नेत तुम्हाला," ती म्हणाली. "या तब्येतीला झेपणार नाय. गाडी आहे माझी."

आम्ही तिघी नव्या सागरी पुलावरून गेलो. पूल झाल्यापासून पनवेलहून मुंबई जवळ आली असं सगळे म्हणतात. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, चिखल आणि लांबवर बोटी. कुंदाताई मागे माझ्याशेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "बघा, केवढा लांब आहे." त्या "हं" म्हणाल्या. फोर्टात मुनीराला गाडी लावायला जागा मिळेना. त्याच त्या गल्ल्यांतून ती फिरत राहिली आणि कोकणी मुसलमानांच्या सगळ्या शिव्या तिने पुटपुटून संपवल्या. तिथे आम्ही त्यांच्याच गोष्टी त्यांना सांगून बघितल्या. मी म्हटलं, "ताई, तो बघा मेव्हणा." त्या म्हणाल्या, "खोटं आहे ते. मी रचायचे." आणि खाली बघून चालत राहिल्या. मान वर करा असं त्यांना सांगण्याची माझी छाती झाली नाही.

गिरगावातली खाणावळ तीच होती. श्रीखंडाच्या तीन वाट्या आल्या. कुंदाताईंनी आपली वाटी दोन बोटांनी थोडी पुढे सरकवली.

"मला काही वाटतच नाही गं," त्या म्हणाल्या. "रडू नाही, भूक नाही. अप्पा आठवतात, तेही दुसऱ्या कोणाच्या घरातले असावेत तसे. एवढ्या जणांना इथे आणलं मी. मला वाटायचं, इमारती बघून, वारा लागून, माणसाला बरं वाटतं. तुम्हाला वाटलं होतं का बरं? खरं सांगा."

मुनीरा म्हणाली, "नाय वाटलं."

"तुला गं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग खाल्लंत कशाला?"

"तुम्ही एवढं घेऊन आला होतात," मी म्हटलं. "पायपीट केली होती. तुमच्यासाठी खाल्लं."

कुंदाताईंनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "सगळ्यांनी?"

"बहुतेक."

"कुलकर्ण्यांनी पण?"

"त्यांना तर शुगर आहे," मुनीरा म्हणाली. "तरी खाल्लं."

कुंदाताईंनी वाटीतला चमचा एकदा फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "मग आता मी कोणासाठी खाऊ?"

मला एवढंच कळत होतं की ही वाटी तशीच राहिली तर ही बाई घरी जाईल, खुर्चीत बसेल आणि उठणार नाही. शेजारच्या टेबलावर कोणीतरी पुऱ्या मागवत होतं. मुनीराने त्यांच्या वाटीतला चमचा उचलला, श्रीखंडाने भरला आणि टेबलावरून पुढे वाकली.

"पहिला घास माहेरचा ना तुमच्यात? माझं माहेर बाणकोटचं, तुमचं गुहागरचं. किनारा तर एकच आहे. घ्या. माहेरचा म्हणून घ्या."

कुंदाताईंनी तिच्याकडे बघितलं. चमचा हवेत तसाच होता. मग त्यांनी तोंड उघडलं. घास तोंडात तसाच धरून ठेवला. गिळला.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या.

मग वेटरला हाक मारली. ती हाक ऐकून खाणावळीतली सगळी माणसं वळली. "हा चक्का कधीचा? नीट टांगत नाही का तुम्ही? पाणी राहिलंय यात," असं त्या त्याला सुनावत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तो बिचारा "बदलून देतो, बदलून देतो" म्हणत राहिला. "बदलू नको, आता खाल्लंय," असं म्हणून त्यांनी ती आंबट वाटी पुसून खाल्ली. मीही रडले. मुनीरा रडली नाही, तिने माझ्या वाटीतलंही संपवलं.

येताना पुलावर अंधारून आलं होतं. कुंदाताई एकदम म्हणाल्या, "मी गेल्यावर तुमचं दोघींचं काय?"

"आमचं काय?" मी म्हटलं.

"तुम्हाला माझं सुतक नाही. सुतक नाही म्हणजे दुखवटा नाही. तुमचं तोंड गोड करायला कोणी येणार नाही."

"ताई, समोर बघा, केवढे दिवे आहेत," मुनीरा म्हणाली.

"दिवे राहू देत. आत्ताच ठरवून टाका. एकीने दुसरीला न्यायचं. कोणाची वाट बघायची नाही."

त्यानंतर त्या पूर्वीसारख्या झाल्या असं मी म्हणणार नाही. जेवू लागल्या, जिन्यातली सायकल हलवायला लावली, पण पुन्हा कोणाला मुंबईला नेलं नाही. बाळूबद्दल मात्र आता सगळं सांगत, तो कसा पडला ते, आईने पुढे तो फणस तोडू दिला नाही ते. मी त्यांना शेवटचं बघितलं ते पार्किंगमध्ये. लिफ्टमध्ये नवा आरसा बसवत होते आणि कुंदाताई त्या माणसाला वरच्या पट्टीत सांगत होत्या की आरसा फार उंच लावलाय, बुटक्या बायकांनी त्यात फक्त कपाळ बघायचं का? मला घाई होती. मी हात केला, त्यांनी माझ्याकडे न बघताच केला. दुसऱ्या सकाळी आंघोळीचं पाणी तापत ठेवून कॉटवर टेकल्या त्या तशाच गेल्या.

पुतण्या आला. त्याने सगळं केलं. बायकांनी पिठलं-भात पोचवला तो त्याच्या घरच्यांना. मला कोणी भेटायला आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. मी नोकरीवर गेले, आले, स्वयंपाक केला. कुंदाताई गेल्या हे मला ठाऊक होतं, एवढंच. आत काही हलत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मुनीरा वर आली. हातात गाडीची किल्ली होती.

"चल."

"अगं, अजून तेरावं व्हायचंय."

"ते तुमच्यात. आमच्यात तीन दिवस. नवरा सोडून कोणाचाही शोक तीनच दिवस. काल संपले."

"मला काहीच वाटत नाहीये, मुनीरा."

"मलाही नाय," ती म्हणाली. "चप्पल घाल."